वरून सुकलेली टाच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पानं निवडणं. मी कुंपणाच्या आत होतो, ती बाहेर. आमच्या पानमळ्याला तुराट्यांचं कुंपण होतं आणि त्यात एक भगदाड होतं, हात जाईल एवढं. मी आतून विड्याची पानं खुडायचो आणि ओंजळ भरली की त्या भगदाडातून बाहेर द्यायचो. ती पलीकडे गोणपाटावर बसून निवडायची. चांगली पानं ओल्या फडक्यात, डागाळलेली बाजूला. डावा पाय समोर लांब केलेला. टाचेला चिंधी, आणि चिंधीवरून पळसाचं पान बांधलेलं, माशी बसू नये म्हणून.

"अवो, आयकता का?"

"आयकून राह्यलो. बोल."

"हे पान कोण्या आंधळ्यानं खुडलं? देठच नाई याले."

"तुह्या नवऱ्यानं खुडलं."

"तरीच."

नंतर तिनं विचारलं, "विहिरीकडच्या कोपऱ्यातली माही वेल बांधली का? वाऱ्यानं लोंबकळली असंन."

"बांधली."

बांधली नव्हती. त्या कोपऱ्यात मी कित्येक दिवस गेलोच नव्हतो. तिकडे चिखल असतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळा. ती वेल तिच्या हातची. लग्न होऊन आली त्या साली सासूनं तिच्या हातून लावून घेतलेल्या वेलीचं ते बेणं. तेव्हापासून ती दर उतरणीला स्वतः तिला खाली घ्यायची, मातीत दाबायची, वर चढवायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

"मले एक खेप आत येऊ द्या न," ती म्हणाली. "पाह्यते अन् जाते. पाय टेकवतच नाई. तुमच्या पाठीवर बसून येते."

"या वयात पाठीवर? लोकं हासतीन."

"हासू द्या. आपलं काय जाते?"

"बुधवारी बाजार हाये. सारे बाजाराले जातीन. तवा नेतो तुले."

"बुधवारी?"

"हाव, बुधवारी."

तो सोमवार होता.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुडा जिथून जवळ दिसायला लागतो, तिथं आमचं गाव. आमच्यात पानमळा म्हणजे देऊळ. चप्पल बाहेर. बाईला अडचण असली की ती बाहेर. घरात सुतक असलं की सगळेच बाहेर. आणि ज्याच्या अंगावर वाहती जखम आहे, पू आहे, तो बाहेर. जखम सुकली, खपली धरली, की आत. हे असं का, ते मला कोणी सांगितलं नाही. माझ्या बापानं पाळलं, मीही पाळलं. मी चौथी शिकलेला माणूस. विचारायची सवय नाही.

मुंबईचं राज्य मोडून आपलं राज्य झालं, त्याच्या पुढच्या एका उतरणीतली गोष्ट. वेल शेवरीच्या झाडावर उंच गेली की आम्ही ती सोडून खाली घेतो, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत दाबतो, आणि शेंडा पुन्हा वर चढवतो. याला उतरण म्हणतात. त्या दिवसांत मळ्यात शेणखत आणि पाण्यानं घोट्याएवढा चिखल असतो, आणि सगळे अनवाणी. तिच्या टाचेत बांबूची कामटी घुसली. कामटी तिनं तिथंच ओढून काढली, पान चावून त्याचा चोथा वर दाबला आणि कामाला लागली. आत तुकडा राहिला, हे ना तिला कळलं ना मला.

टाच सुजली. तेव्हा आमच्याकडे सायकलवरून एक सुईवाला यायचा. त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे. आमच्याच चुलीवर आमच्याच पातेल्यात तो काचेची पिचकारी उकळायचा. एवढ्याशा बाटलीत पांढरी भुकटी, तिच्यात पाणी सोडायचा, हलवायचा. पेनिसिलीन. आमच्या आळीत त्या सुईचं लई नाव होतं. मरणारी पोरं तिनं उठून बसलेली आम्ही पाहिली होती. त्यानं रोज एक अशी आठवडाभराची बोली केली. चौथ्या दिवशी जखम कोरडी झाली.

"सुकलं," ती म्हणाली. "आता कायले टोचून घेऊ? माहं ढुंगण काय गव्हाची चाळणी हाये?"

सुईवाला हसला. मीही हसलो. त्याच दिवशी ती मळ्यात गेली. उतरण चालू होती, हात कमी होते, आणि सुकलेली जखम म्हणजे आत जायची परवानगी. आमच्या हिशेबानं बरं होणं म्हणजे तेवढंच. वरून कोरडं.

उरलेल्या बाटल्यांचं काय केलं तेही सांगतो. रांजणाखाली वाळू असते, कायम ओली, गार. तिच्यात तिनं त्या पुरून ठेवल्या. औषध गारव्याला ठेवावं एवढं सुईवाल्याकडून ऐकलं होतं. "पुढच्या खेपेले कामी येतीन," म्हणाली. मला तिचं कौतुकच वाटलं. सुगरण बाई, काही वाया जाऊ देत नाही.

पुढची खेप आली. दोन-तीन महिन्यांनी टाच पुन्हा ठणकायला लागली, फुटली, वाहायला लागली. वाळूतल्या बाटल्या काढल्या. दोन सुया. सुकलं. पुन्हा मळा. मग पावसाळ्यात पुन्हा. असं सुरू झालं आणि ते आमच्या घरातलं एक काम होऊन बसलं, जसं सणाआधी घर सारवायचं. वेळ पडली तर ती वरून कात लावायची. कात भिजवून जखमेवर लेपला की तोंड आवळतं, तपकिरी खपलीसारखं दिसतं. आत काय चाललंय ते झाकलं जातं.

मळा माझा आणि धाकट्या भावाचा सामाईक. भाऊ देवभोळा. ताटीपाशी, म्हणजे मळ्याच्या फाटकापाशी, तो उभा राहायचा.

"वहिनी, पायावर माशी बसते का?"

"माशी तुमच्या मिशीवर बसून राह्यली, भाऊजी. पयले तिले हाकला."

तो मिशीवर हात फिरवेपर्यंत ही आत. मी मागून हसत. त्या दिवसांची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या हसण्याची.

मग सुई लागेनाशी झाली. आधी दोन सुयांत सुकायचं ते आठवडाभरात सुकेना. सुईवाल्यानं लाल-काळ्या कॅप्सूल आणल्या. त्या चालल्या. जखम कोरडी झाली की ती त्या बंद करायची, आणि उरलेल्या घरभर व्हायच्या. एक मी दाढदुखीवर खाल्ली. भावानं सर्दीवर खाल्ल्या. त्याच्या बायकोनं एक फोडून भुकटी वासराच्या बेंबीत भरली. आमच्या घरात कोणाचंही काहीही दुखलं की रांजणाखालची वाळू उकरली जायची. पुढे त्या कॅप्सूलही बंद पडल्या. मग दुसऱ्या, पिवळ्या. मग त्याही. दर वेळी सुईवाला म्हणायचा, "हे जबर आहे." आणि दर वेळी सुरुवातीला ते जबर असायचं.

एका साली मळ्याला मर लागली. वेली खालून काळ्या पडल्या, पानं पिवळी होऊन गळली. भाऊ सगळ्यांसमोर माझ्या बायकोला काही बोलला नाही. मला म्हणाला, "दादा, मळा नासला. काऊन नासला ते तुले ठाऊक हाये."

पाणी साचून मर लागते हे मला बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं. त्या साली पाट तुंबला होता आणि तो मोकळा करायचं माझ्याकडे होतं. घरी येऊन तिला एवढंच म्हटलं, "तू आता आत येऊ नको."

तिनं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी गेली आणि तुराट्या मोडून ते भगदाड पाडलं. म्हणाली, "हात त जाऊ देसान? हाताले काई झालं नाई माह्या."

त्यानंतर मी तिच्या पायाला लाजायला लागलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहायचं तर नीट लिहावं. वास यायचा. कडक ऊन असलं की जास्त. चिंध्या मीच धुवायचो, कारण तिला उकिडवं बसता यायचं नाही. पण विहिरीवर बाया असेपर्यंत मी जायचो नाही. गडी माणूस बायकोच्या पुवाच्या चिंध्या धुतो हे कोणी पाहू नये म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, ढिगाआड लपायचो. एकदा शेजारची म्हातारी अचानक आली तर मी चिंध्या विहिरीच्या पाटात दाबून त्यावर पाण्यातच बसलो. म्हातारी म्हणाली, "काय बाप्पा, म्हशीवानी डुंबून राह्यला?" मी हो म्हणालो.

पुतणीच्या लग्नात तिला नेलं नाही. लोकांनी विचारलं तर म्हणालो, गुडघा धरला तिचा. गुडघा बरा असतो. गुडघ्याला वास नसतो. आमच्या दोन्ही मुली सासरी, त्यांनाही मी गुडघाच सांगायचो.

मग पोटरीपर्यंत सूज आली आणि मोठी मुलगी माहेरपणाला आली, तिनं पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच दिवशी आईला बसमध्ये घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागून गेलो.

डॉक्टर नवा होता, तरुण, बाहेरच्या मुलखातला. त्यानं विचारलं, "काय होतंय?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "गुडघा."

त्यानं गुडघा दाबून पाहिला. "बाबा, गुडघा तर माझ्यापेक्षा चांगला आहे यांचा." मग चिंधी सोडली. नाक मुरडलं नाही त्यानं, हे सांगायला पाहिजे. "किती दिवसांचं आहे?"

"असंन वरीसभराचं."

टेबलावरून ती म्हणाली, "लय सालांचं हाये. खोटं कायले बोलता? पाय माहा हाये."

रांगेतली माणसं हसली. डॉक्टर हसला नाही. कोणती औषधं झाली ते त्यानं विचारलं. मी सांगत गेलो, मुलगी भर घालत गेली. वाळूतल्या बाटल्या, कात, सर्दी, दाढ, वासरू. तो मधे एकदा डोळे मिटून बसला. मला वाटलं कंटाळला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाच उघडली. मला बोलावून ताटलीत ठेवलेलं दाखवलं. कामटीचा तुकडा. बारक्या खिळ्याएवढा, काळा. त्याच्यावर एक चिकट, बुळबुळीत साल होती, शेंबडासारखी.

"एवढ्यासाठी?" मी म्हणालो.

"एवढ्यावर," तो म्हणाला. "घरी रांजण आहे का?"

मला वाटलं पाणी मागतोय. ती पलंगावर होती, तिनंच उत्तर दिलं. "हाये. काऊन?"

"मावशी, आतून हात फिरवलाय त्याच्या?"

"मंग कोण फिरवते? बुळबुळ धरते आतून. नुसतं पाणी फेकून जात नाई ती. काथ्या घेऊन घासा लागते."

"तेच झालंय," डॉक्टर म्हणाला. "जंतू सुटे असले तर औषध त्यांना गाठतं. पण आत असं काही सापडलं की ते त्याला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, आणि बुळबुळीचं पांघरूण ओढून बसतात. सुई रक्तातून येते. वरचे मरतात, पू थांबतो, जखम सुकते. पांघरुणाखालचे तसेच. तुम्ही सुई थांबवली की ते पुन्हा बाहेर. निदान असं दिसतं. सगळं आम्हालाही कळलेलं नाही."

"पन सुई लागाची थांबली ते काऊन?" ती म्हणाली. प्रश्न तिनं विचारला. मी नाही.

"दर वेळी अर्धंच औषध. त्यात कमजोर होते ते मेले, दांडगे होते ते उरले. पुढची सगळी प्रजा त्या दांडग्यांची. आता तुमच्या पायातल्या जंतूंना पेनिसिलीन म्हणजे विहिरीचं पाणी. दुसरीही दोन-तीन औषधं तशीच."

ती छताकडे पाहत म्हणाली, "म्हंजे आपन त्याइले पोसलं."

मला तिथं उभं राहवेना. बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मर लागलेली वेल मी कधी वरून कापून सोडली नव्हती. मुळासकट उपटायची, जाळायची, खालची माती उकरून लांब फेकायची, ती जागा दोन सालं रिकामी ठेवायची. हे मला कोणी शिकवायला नको. वरून पान हिरवं दिसलं म्हणून वेल बरी झाली असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि घरात एवढी सालं मी वरून कोरडी टाच पाहून सुपारी कातरत बसलो होतो.

तुकडा निघाला तरी उशीर झाला होता. टाचेचं हाड नासलं होतं. या वेळी डॉक्टरनं दिलेलं औषध आम्ही शेवटच्या गोळीपर्यंत दिलं, मुलगी जातीनं राहिली. तरी जखम भरली नाही. महिन्यानं डॉक्टर म्हणाला, "मावशी, पाय कापावा लागेल. गुडघ्याच्या खाली. पाय गेला तर तुम्ही राहाल."

"अन् मळ्यात काय हातावर चालून जाऊ?"

"मळ्यात नका जाऊ."

"तुमी दवाखान्यात नका येऊ," ती म्हणाली. डॉक्टरला पहिल्यांदा हसू आलं.

पण हसू ओसरल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. तिनं नाही म्हटलं होतं खरं, पण एवढ्या सालांत तिचं नाही कुठलं पक्कं आणि कुठलं मला विचारणारं, हे मला कळत होतं. ते विचारणारं होतं. मी "कापा" म्हटलं असतं तर तिनं दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि मग कापू दिला असता.

मी काय विचार करत होतो? तिला उचलून परसाकडे नेणारा मी, आणि ओट्यावर बसून पाहणारी आळी. हेच. दुसरं काही नाही.

मी म्हणालो, "तिले नाई पाहिजे त राहू द्या."

डॉक्टर मुलीशी बोलला, मुलगी माझ्याशी भांडली, आम्ही घरी आलो. निघताना तो म्हणाला, निदान अनवाणी चिखलात जाऊ नका, चप्पल घाला. मी बाजारातून मऊ तळाची चप्पल घेतली तिच्यासाठी. ती अंगणात घालायची. कुंपणापाशी जाताना काढून हातात घ्यायची. बाहेरच बसायचं होतं, तरी.

"अठी कोन पाह्यते?" मी म्हणायचो.

"मी पाह्यते न," ती म्हणायची.

सोमवारी आम्ही पानं निवडली. मंगळवारी सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दुपारी बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून बसनं तालुक्याला. तोच डॉक्टर. त्यानं पाय पाहिला, पोटरीवर वर चढलेली लाल रेघ पाहिली, आणि म्हणाला, रक्तात उतरलंय. होती ती सगळी औषधं दिली. एक अकोल्याहून मागवलं, माणूस पाठवून. ते आलं, तेही दिलं. बाटली टांगलेली, थेंब थेंब पडत होता, आणि ताप हलत नव्हता. डॉक्टर मला काही लागेल असं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी दुपारी तिनं डोळे उघडले.

"बुधवार आला का?"

दवाखान्याच्या खिडकीतून बाजाराला चाललेल्या गाड्या दिसत होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिलाही येत असेल.

"उद्या हाये," मी म्हणालो.

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

गुरुवारी दुपारी गेली. संध्याकाळी गावी आणून अग्नी दिला. पायाची चिंधी कोणीतरी सोडायला लागलं तर मुलगी म्हणाली राहू द्या. लोकांनी विचारलं काय झालं होतं. गर्दीत कोणीतरी म्हणालं, "गुडघ्याचं दुखणं होतं म्हणतात." मीच पेरलेलं ते. मी म्हणालो, "गुडघा नाई. पाय नासला होता. टाच. लय सालं." भावानं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

शुक्रवारी सकाळी उठलो. रांजणात पाणी नव्हतं, रात्री पाहुण्यांनी संपवलं होतं. रिकामा होता म्हणून आत हात घातला. बुळबुळ होती. तिच्याच काथ्यानं घासायला बसलो, बोटं झोंबेपर्यंत. खालची वाळू काढून उकिरड्यावर टाकली. वाळूत एक बाटली निघाली, पांढरी भुकटी बुडाशी गोळा होऊन दगड झालेली. ती पण टाकली.

मग मळ्याकडे गेलो.

भाऊ ताटीपाशी बसला होता. सुतकात कोणी चुकून आत जाऊ नये म्हणून तो पहाटेपासून बसला असेल. त्याचे डोळे सुजलेले होते. त्याची वहिनी त्याला भाकर वाढायची, शिव्या द्यायची, दोन्ही.

"दादा, सुतक हाये."

"ठाऊक हाये."

"पान्याले मी मजूर लावतो. तू जाऊ नको."

मी ताटी सरकवली.

"दादा, चप्पल."

"हाव," मी म्हणालो. "चप्पल हाये पायात."

त्यानं मला अडवलं नाही. तो उठून उभा राहिला आणि तिथंच थांबला. मी चपलेसकट आत गेलो, वाफ्यांच्या मधून, विहिरीकडच्या कोपऱ्यापर्यंत. चिखलात चप्पल रुतत होती, प्रत्येक पावलाला फचक आवाज येत होता आणि मला वाटत होतं तो सगळ्या गावाला ऐकू जातोय.

तिची वेल खरंच लोंबकळली होती. शेंडा खाली चिखलात टेकला होता आणि एक-दोन पानं सडली होती. वेल बांधायला कमरेला खोचलेला लव्हाळा काढला. सडलेली पानं तोडली. शेंडा धुऊन घेतला, शेवरीला लावला आणि बांधायला लागलो. ती फार घट्ट बांधू द्यायची नाही, वेलीला श्वास कोंडतो म्हणायची. सैल बांधला. सुटला. पुन्हा बांधला. कुंपणाच्या भगदाडातून पलीकडचं गोणपाट दिसत होतं, सोमवारचं, कोणी उचललंच नव्हतं, आणि त्यावर तिनं बाजूला काढलेली डागाळलेली पानं वाळून पडली होती.

तिसऱ्यांदा गाठ बसली. मग पाट मोकळा केला आणि त्या कोपऱ्यातलं साचलेलं पाणी बाहेर सोडून दिलं.